१५० युनिटच्या वर एक युनिट गेलं की सगळीच सवलत का जावी?

सुलभा_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. विषय रुक्ष आहे, पण आपल्या इंदूरच्या प्रत्येक घरात दर महिन्याला निघतो. लाइटचं बिल.

आमच्या घरी आम्ही दोघंच, दोघंही निवृत्त. पावसाळ्यात आणि थंडीत बिल चारशे-साडेचारशेच्या आत असतं, कारण मध्य प्रदेश सरकारची गृह ज्योती योजना लागू होते. महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत असेल तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत आणि पुढचे नेहमीच्या दराने. मात्र एप्रिल-मेमध्ये कूलर लागतो, पंखे रात्रभर चालतात आणि आकडा १५० ओलांडतो. थोडाच ओलांडतो, पण त्या महिन्याची पूर्ण सवलत जाते आणि बिल थेट हजाराच्या वर.

ज्या महिन्यात ४३ अंशांत माणूस भाजून निघतो, नेमकी त्याच महिन्यात मदत बंद. हे मला पटत नाही. सरकारने मदत करावी, गरजवंताला करावी, हे सगळं मान्य. पण एका युनिटाने माणूस श्रीमंत होतो का?

दुसरं म्हणजे, माझ्या दिरांची रामबागेत पिठाची चक्की आहे. त्यांना तर कसलीच सवलत नाही. घरगुती ग्राहकाचा विचार होतो, लहान धंदेवाल्याचा कुठे होतो का? तुमचे अनुभव सांगा.

पोहेजिलेबी

आमच्याकडे महिनाअखेर आई मीटरपाशी उभी राहून आकडा वाचते आणि मग जाहीर करते, "आज इस्त्री नाही." बाबा चुरगळलेला शर्ट घालून बँकेत जातात. एसीचा रिमोट कुलूपबंद कपाटात.

मीटरवाले_काका

सुलभाताई, माझी नोकरी वीज खात्याच्या हिशेबात गेली, म्हणून थोडं तपशिलाने लिहितो.

पहिली गोष्ट, १५० हा आकडा ३० दिवसांचा आहे. म्हणजे रोजचे सरासरी ५ युनिट. रीडिंग ३३ दिवसांनी झालं असेल तर तुमची मर्यादा १६५ होते, आणि २७ दिवसांनी झालं तर १३५. कित्येक लोक नुसता १५० धरून बसतात. बिलावर मागच्या आणि या रीडिंगची तारीख छापलेली असते. आधी दिवस मोजा, त्यांना ५ ने गुणा, मगच सवलत गेली की नाही ते ठरवा. स्मार्ट मीटर असेल तर रोजचा वापर ॲपवर दिसतो, त्यामुळे महिन्याच्या विसाव्या दिवशीच अंदाज येतो.

दुसरी गोष्ट, १५० नंतर फक्त सवलत जात नाही. आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे आहेत: ५० पर्यंत, ५१ ते १५०, १५१ ते ३००, आणि ३०० च्या वर. १५१ ला तुम्ही वरच्या टप्प्यात जाता आणि तिथे स्थिर आकारही वेगळ्या पद्धतीने लागतो. त्यात दर १५ युनिट वापराला ०.१ किलोवॉट भार धरतात आणि त्यावर आकार घेतात. शिवाय इंधन आणि वीजखरेदीचा अधिभार दर महिन्याला बदलतो, तो निराळाच. म्हणून बिल एकदम उसळल्यासारखं दिसतं. दोन-तीन गोष्टी एकाच रेषेवर येऊन आदळतात.

योजनेची सुरुवात २०१९ ची. तेव्हा नाव इंदिरा गृह ज्योती होतं, आता अटल गृह ज्योती. सरकार बदललं, नाव बदललं, पण १५० ची रेघ तशीच राहिली.

विनय_छावणी

माझं मत वेगळं आहे आणि ते लोकांना आवडत नाही, तरी लिहितो. रेघ कुठेतरी ओढावीच लागते. १५० ची २०० केली तर २०१ वाला हाच धागा काढेल. शंभर रुपयांत शंभर युनिट म्हणजे एक रुपया युनिट. वीज त्या भावात तयार होत नाही. फरक राज्याच्या तिजोरीतून भरला जातो, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून. तेच पैसे तारा आणि ट्रान्सफॉर्मरवर खर्च केले तर वादळवाऱ्यात चार-चार तास लाइट जाणार नाही.

आणि दिवसा सगळ्या खोल्यांत ट्यूबलाइट लावून १५० च्या वर जाणारे मी पाहिले आहेत. त्यांना मदत कशासाठी?

सुलभा_राजेंद्रनगर

विनयभाऊ, ट्यूबलाइटची उधळपट्टी आमच्या घरी नाही, तुम्ही या आणि पाहा. 🙂 मी रेघ पुढे सरकवा म्हणत नाहीच. रेघेच्या जागी उतार असावा, एवढंच म्हणते.

काका, दिवसांचा हिशेब मला ठाऊकच नव्हता. जुनी बिलं काढून तपासते.

भंवरकुआँचा_भाडेकरू

इथे बहुतेक सगळे घरमालक दिसताहेत, म्हणून आमचीही बाजू मांडतो. मी भंवरकुआँ भागात खोली घेऊन परीक्षांची तयारी करतो. मालकाच्या घरात एकच कनेक्शन, आणि प्रत्येक खोलीला त्याने स्वतः बसवलेला सब-मीटर. आमच्याकडून तो युनिटमागे ठरलेला दर घेतो, आणि तो सरकारी दरापेक्षा पुष्कळ जास्त असतो. माझा वापर महिन्याला ४०-५० युनिट, त्यात एक पंखा, एक दिवा आणि लॅपटॉप. योजनेच्या भाषेत मी अगदी पहिल्या पायरीवरचा गरजू. पण सवलत मिळते ती कनेक्शनला, आणि आठ खोल्यांचं मिळून कनेक्शन ५०० च्या वर जातं. म्हणजे मला एक पैसाही नाही.

अशा खोल्यांत राहणारी मुलं इंदुरात हजारोंनी आहेत. १५० की १५१ हा वाद आमच्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

मीटरवाले_काका

बरोबर बोललास बाळा. हा योजनेतला सर्वांत मोठा खड्डा आहे. गंमत म्हणजे याच्या उलटही होतं. एकाच घरात वरच्या मजल्याला दुसरं कनेक्शन घेतात, वापर दोन मीटरांवर वाटतात, आणि दोन्हीकडे सवलत. ज्याला दोन मजले आहेत त्याला दोनदा मदत आणि एका खोलीत राहतो त्याला एकदाही नाही.

नमकीन_पालदा

धंद्याचं विचारलंत म्हणून लिहितो. आमचा शेव-मिक्श्चरचा छोटा कारखाना आहे. आमच्या खर्चात तेल आणि बेसन यांच्या खालोखाल इंधन. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर सवलत नसते, भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. शेवेचा भाव मात्र आम्ही दर महिन्याला बदलू शकत नाही, गिऱ्हाईक लगेच दुसऱ्या दुकानात जातं. शहरात अवंतिका गॅसची पाइपलाइन आहे, ती ज्यांच्यापर्यंत पोहोचली ते काही भट्ट्या त्यावर चालवतात. गॅस मीटरवर मोजून येतो, सिलिंडर साठवायची कटकट जाते. पण तोही स्वस्त म्हणवत नाही.

विजेच्या बाबतीत धंदेवाल्याला हातात पैसे मिळत नाहीत, पण दोन रस्ते आहेत आणि ते कोणी समजावून सांगत नाही. एक म्हणजे वेळेप्रमाणे दर. केंद्राने २०२३ च्या जूनमध्ये नियम बदलले. १० किलोवॉटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, आणि शेती सोडून बाकीच्यांना १ एप्रिल २०२५ पासून वेळेप्रमाणे दर लावायचे. उन्हाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी, संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत जास्त. आम्ही पीठ मळायची आणि पॅकिंगची यंत्रं पूर्ण दिवसा आणली, संध्याकाळी फक्त हाताची कामं. बिलात फरक दिसतो. सुलभाताई, तुमच्या दिरांना सांगा की त्यांच्या कनेक्शनला हे लागू आहे का ते नव्या टॅरिफ (वीजदर) आदेशात पाहून घ्या. चक्की तशीही दिवसाच चालते.

दुसरा रस्ता यंत्र बदलण्याचा. केंद्राची २०२५ च्या जुलैत सुरू झालेली 'अदिती' नावाची योजना आहे. ऊर्जा वाचवणारी यंत्रं घेण्यासाठी कर्ज काढलं तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाला व्याजात ५ टक्के आणि मध्यमला ३ टक्के सूट. एकूण तरतूद १००० कोटींची. १४ क्षेत्रांत खाद्यप्रक्रिया आहे. पण आधी ऊर्जा लेखापरीक्षण, म्हणजे वीज-इंधन कुठे किती जातं याची तपासणी, मग अहवाल, मग बँक. चार कामगारांच्या भट्टीवाल्याने हे कधी करायचं? मदत अर्जाच्या जाडीने अडते. जिल्हा उद्योग केंद्राने एक माणूस फक्त हे कागद भरून द्यायला बसवला तर पुष्कळ छोटे लोक पुढे येतील.

पोहेजिलेबी

म्हणजे शेव दिवसा मळली तर स्वस्त पडते. मग उसळ-पोह्यावरची शेव थोडी वाढवा की भिया!

नमकीन_पालदा

या पालद्याला, मूठभर जास्त देतो.

मृणाल_बडोदे

आमच्या बडोद्याचं सांगते. आमच्याकडे शंभर रुपयांत शंभर युनिट असं काही नाही. मात्र गच्चीवरची सोलर इतकी झाली आहे की आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून पाहिलं तर अर्धी छतं निळी दिसतात. २०१९ मध्ये राज्याची सूर्य गुजरात योजना आली, ३ किलोवॉटपर्यंत ४० टक्के अनुदान होतं, तेव्हापासून लोकांना सवय लागली. नंतर गच्चीवरच्या सोलरसाठी केंद्राची सूर्यघर योजना आली तेव्हा नवं काही समजावून सांगावं लागलं नाही.

स्वयंपाकाचा गॅसही आमच्याकडे सत्तरच्या दशकापासून पाइपने येतो, महानगरपालिकेनेच सुरू केला. सासूबाई सांगतात, लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्यांना खरं वाटेना की नळासारखा गॅस येतो म्हणून.

माझं म्हणणं एवढंच की दर महिन्याला बिलात सूट देत राहण्यापेक्षा एकदाच छतावर खर्च करून द्यावा. २०२४ च्या मेमध्ये इथे स्मार्ट मीटरवरून किती गोंधळ झाला ते तुम्ही वाचलं असेल. लोक बिलाला घाबरतात. घरची वीज असली की ती भीती कमी होते.

छतावरचा_अभियंता

मृणालताईंना दुजोरा, आणि आकडे देतो. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली, ७५,०२१ कोटींची, एक कोटी घरांसाठी. अनुदान पहिल्या २ किलोवॉटला किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. ३ किलोवॉटच्या वर कितीही बसवा, अनुदान तेवढंच. आपल्या माळव्यात एक किलोवॉट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतो. ३ किलोवॉट म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

पण सुलभाताई, तुमचा वापर वर्षातले आठ-नऊ महिने १५० च्या आत असेल तर तुम्हाला घाईने सोलर घ्यायला मी सांगणार नाही. सवलतीमुळे तुमचं बिल आधीच इतकं कमी आहे की गुंतवलेले पैसे वसूल व्हायला पुष्कळ वर्षं लागतील. तुमच्यासाठी पंखे बदलणं जास्त फायद्याचं. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज १२ तास धरले तर दिवसाला दोन युनिटपेक्षा जास्त वाचतात, महिन्याला साठच्या वर. तुम्ही एप्रिलमध्येसुद्धा १५० च्या आत राहाल.

कल्पना_सुदामानगर

सोलर करायचं तर एक सावधगिरी. आमच्याकडे ज्या ठेकेदाराने बसवलं त्याने पैसे आधी घेतले आणि नेट मीटरचा (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचा) अर्ज मात्र कित्येक आठवडे टाकलाच नाही. पॅनेल चकाकत होती आणि बिल पूर्ण येत होतं. शेवटी सूर्यघरच्या पोर्टलवर मी स्वतः अर्जाची स्थिती पाहिली तेव्हा कळलं. त्यामुळे ठेकेदार पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसल्यावरच द्या.

भंवरकुआँचा_भाडेकरू

आणि ज्यांना गच्चीच नाही त्यांचं काय?

छतावरचा_अभियंता

तुझा प्रश्न रास्त आहे. फ्लॅटच्या सोसायट्यांना सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॉटमागे १८,००० मिळतात, घरामागे ३ किलोवॉट धरून ५०० किलोवॉटपर्यंत. भाडेकरूला त्यातून थेट काही नाही.

रामबागची_आजी

मुलांनो, आमच्या वेळी 'शब-ए-माळवा' असं म्हणत. दिवसा कितीही ऊन असो, रात्री गच्चीवर गादी टाकली की पहाटे चादर ओढावी लागे. पंखा एकच होता, तोही पाहुण्यांसाठी. आता चारी बाजूंनी उंच इमारती आणि प्रत्येकाच्या एसीचं गरम वारं आमच्याच खिडकीत. वीज जास्त लागते ती फक्त आपल्या चैनीने लागत नाही. शहर तापलं आहे. सवलत ठरवणाऱ्याने हेही पाहावं.

ग्वाल्हेरकर

आजी, ग्वाल्हेरला या. आमच्याकडे ४५ च्या वर जातं आणि १५० ची मर्यादा तीच. माळव्याला आणि चंबळला मे महिन्यात एकच माप कसं लावता येईल? उन्हाळ्यापुरती मर्यादा वाढवावी, मेमध्ये २०० आणि जानेवारीत हवं तर १२० करा. वर्षाचा खर्च जवळपास तोच राहील.

विनय_छावणी

ही सूचना मला आवडली. खर्च न वाढवता गरजेच्या वेळी मदत, याला माझा विरोध नाही.

लेस्टरवासी

मूळचा इंदूरचाच, सध्या इंग्लंडात. इकडचा अनुभव उपयोगी पडेल. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे गॅसचे भाव भडकले तेव्हा इथल्या सरकारने प्रत्येक घराला ४०० पाउंड दिले, ऑक्टोबर ते मार्च असे सहा हप्ते, थेट वीज कंपनीच्या बिलातून वजा. अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. शिवाय युनिटचा दर सरकारने बांधून दिला. सरासरी घराचं वर्षाचं बिल २,५०० पाउंडांच्या आसपास राहावं असा हिशेब होता. खूप लोकांना वाटलं की बिल त्याच्या वर जाणारच नाही आणि त्यांनी हीटर सुरूच ठेवले. बांधला होता तो दर, बिल नव्हे.

धंद्यांनाही सहा महिने दरात मदत मिळाली, १ ऑक्टोबरपासून ३१ मार्च २०२३ पर्यंत. पुढच्या वर्षी ती बरीच कमी केली. आमच्या गल्लीतल्या मिठाईवाल्या गुजराती काकांनी त्या सहा महिन्यांत तग धरला, नाहीतर दुकान तेव्हाच बंद झालं असतं.

पण इथे ४०० पाउंड बंगलेवाल्यालाही मिळाले आणि दोन खोल्यांत राहणाऱ्यालाही. सगळ्यांना देणं सोपं आणि जलद, पण महाग. निवडून देणं स्वस्त, पण सुलभाताईंसारखे लोक काठावर राहतात. मला विचाराल तर काठावरच्या माणसाला सोडण्यापेक्षा चार बंगलेवाल्यांना जास्त गेले तरी चालेल.

विनय_छावणी

बंगलेवाल्याला माझ्या करातून? नाही पटलं.

मीटरवाले_काका

भांडू नका, आपल्याच देशात मधले रस्ते आहेत. तमिळनाडूत दोन महिन्यांच्या बिलात पहिले १०० युनिट प्रत्येक घराला मोफत, वापर कितीही असो. दिल्लीत २०० पर्यंत मोफत, आणि २०१ ते ४०० पर्यंत निम्मी सूट, ८०० रुपयांपर्यंत. म्हणजे पायऱ्या दोन आहेत. कर्नाटकात २०२३ पासून प्रत्येक घराची आदल्या वर्षीची सरासरी काढून त्यावर साधारण १० टक्के वाढीव वापर मोफत, कमाल २०० युनिट. मात्र तिथेही २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल, आपल्यासारखंच.

सुलभाताई म्हणतात तसा उतार करणं हिशेबाने अवघड नाही. समजा १५० युनिटला सवलत ५५० रुपये बसते. १५० नंतर प्रत्येक युनिटामागे साडेपाच रुपये कमी करत गेलं तर २५० युनिटला ती शून्य होते. १६० वाल्याचे ५५ रुपये जातील, पूर्ण साडेपाचशे नाही. बिलिंग संगणकावरच होतं, एक सूत्र बदलायचं.

सुलभा_राजेंद्रनगर

काका, अगदी हेच माझ्या मनात होतं, फक्त मला आकड्यांत मांडता येत नव्हतं. हे सांगायचं कुणाला? दर ठरवणाऱ्या वीज आयोगाच्या जाहीर सुनावणीत?

मीटरवाले_काका

आयोगाकडे दराच्या टप्प्यांबद्दल आणि स्थिर आकाराबद्दल जरूर सांगा. दर ठरवण्याआधी हरकती-सूचना मागवणं वीज कायदा २००३ नुसार त्यांना बंधनकारक आहे. पण सवलत आयोग देत नाही, वीज कंपनीही देत नाही. कलम ६५ प्रमाणे सवलत राज्य सरकारची, आणि तिचे पैसे सरकारने कंपनीला आगाऊ द्यायचे. म्हणून उताराची मागणी भोपाळला ऊर्जा विभागाकडे आणि आपल्या आमदाराकडे गेली पाहिजे. वीज कंपनीच्या झोन कार्यालयाच्या खिडकीवर भांडून तिथल्या कारकुनाला काहीच करता येत नाही.

नमकीन_पालदा

एक गोष्ट राहून जाऊ नये. आपल्या महापालिकेने २०२३ च्या फेब्रुवारीत २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी बाजारातून घेतलेलं कर्ज) काढले, खरगोन जिल्ह्यातल्या जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प करायला. कारण नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायला दर महिन्याला कोट्यवधींची वीज लागते. लोकांनी ते रोखे कित्येक पटींनी मागितले. पालिका स्वतःचं बिल कमी करायला बाजारातून पैसा उभारू शकते, तर पालदा आणि सांवेर रोडच्या लहान कारखान्यांसाठी सामाईक सौर प्रकल्प का होऊ नये? आमच्यातल्या एकट्याला तो परवडत नाही, पन्नास जणांना मिळून परवडेल.

भंवरकुआँचा_भाडेकरू

अर्जात आमचंही एक वाक्य घाला. भाड्याच्या खोलीत सब-मीटरचा दर सरकारी दरापेक्षा जास्त घेता येऊ नये, आणि भाडेकरार दाखवला तर खोलीमागे सवलत मोजावी. दुसऱ्यासाठी सरकारला जास्त काम करावं लागेल, पण पहिल्यासाठी एक आदेश पुरे.

विनय_छावणी

सब-मीटरच्या मुद्द्यावर मी सही करतो. उन्हाळ्याच्या वेगळ्या मर्यादेवरही. उतारावर मात्र काकांच्या सूत्राने एकूण खर्च किती वाढतो ते आधी पाहिलं पाहिजे, कारण आज ज्यांना काहीच मिळत नाही ते १५१ ते २५० मधले सगळे आत येतील.

सुलभा_राजेंद्रनगर

विनयभाऊंचं म्हणणं योग्य आहे, तो खर्च सरकारनेच काढून सांगावा असं अर्जात लिहू. काकांनी सांगितल्याप्रमाणे जुनी बिलं तपासली. एका एप्रिलच्या बिलात रीडिंग ३४ दिवसांचं होतं आणि युनिट १६६, म्हणजे आम्ही १७० च्या मर्यादेत होतो आणि सवलत लागलेली होती. मे मात्र खरंच वर गेला होता.

मी कच्चा अर्ज लिहायला घेते. त्यात तीन मागण्या: १५० नंतर उतार, एप्रिल ते जून वेगळी मर्यादा, आणि भाडेकरूंच्या सब-मीटरवर दराची मर्यादा. धंदेवाल्यांचा अर्ज वेगळा असावा असं मला वाटतं, नाहीतर दोन्ही विषय एकमेकांत अडकतील. नमकीनभाऊ, तो तुम्ही लिहाल का? चक्कीवाल्यांची नावं दीर गोळा करून देतील. ज्यांची एप्रिल-मेची बिलं १५० ते २०० च्या मध्ये आहेत त्यांनी ग्राहक क्रमांक झाकून फोटो मला खासगी निरोपात पाठवा, अर्जाला जोडता येतील.

नमकीन_पालदा

लिहितो. रविवारपर्यंत द्या मला.